उकिरड्याचा हिशेब आणि हिशेबाबाहेरची माणसे

शहराच्या उकिरड्यात काय काय पडते, हा प्रश्न आपल्या चळवळीच्या व्यासपीठावर सहसा येत नाही. सफाई कामगारांचे पगार, कंत्राटी पद्धत, वारसाच्या नेमणुका, राहत्या घरांचा प्रश्न ह्यांवर आपण बोलतो आणि ते बोललेच पाहिजे. परंतु किती माणसे नेमावयाची, किती गाड्या घ्यावयाच्या, कोणत्या वस्तीत रोज जावयाचे आणि कोणत्या वस्तीत आठवड्यातून एकदा, हे ज्या कागदाच्या आधारे ठरते तो कागद आपण मागवून पाहत नाही. तो कागद म्हणजे शहराच्या कचऱ्याची घटकवारी. ती कशी काढतात, तिच्यावरून नगरपालिका आणि महानगरपालिका काय ठरवतात आणि त्या आकड्यांतून कोण गळून पडते, हे ह्या लेखात मला सांगावयाचे आहे. माझ्यासमोर मुख्यतः आपल्या वऱ्हाडातली दोन शहरे आहेत, अमरावती आणि अकोला. अमरावतीत १९८३ साली महानगरपालिका झाली, अकोल्यात २००१ साली. २०११ च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख होती आणि अकोल्याची सुमारे सव्वाचार लाख.

घटकवारी म्हणजे साधी गोष्ट आहे. शंभर किलो कचरा घेतला तर त्यात स्वयंपाकघरातला ओला किती, कागद-पुठ्ठा किती, प्लास्टिक किती, काच-पत्रा किती, चिंध्या किती, माती-राख-दगड किती, औषधे, सुया, घाणेरडे कापड असे घातक किती, ह्याचा तक्ता. त्याच्या जोडीला तीन मापे घेतात: कचऱ्यात पाणी किती, एका घनमीटरात तो किती वजनाचा मावतो आणि जाळला तर किती उष्णता देतो. हा तक्ता करणे ही स्थानिक संस्थांची हौस नाही. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत घनकचऱ्याचे काम नगरसंस्थांकडे दिले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका गेली आणि तीतून २००० सालचे घनकचरा नियम आले. २०१६ साली ते बदलले. काय पडते हे ठाऊक नसेल तर ते वेगळे काढण्याची, कुजवण्याची, पुन्हा वापरात आणण्याची व्यवस्था कोणी कशी उभारणार?

मोजण्याची रीत अशी. शहराचे भाग पाडतात: बंगल्यांची वस्ती, मध्यमवर्गीयांची, झोपडपट्टी, बाजारपेठ, भाजीमंडी. प्रत्येक भागातून ठरलेल्या दिवशी कचरा आणतात. ताडपत्रीवर ओतून फावड्याने नीट कालवतात. ढिगाचे चार सारखे भाग करतात, समोरासमोरचे दोन भाग बाजूला टाकतात, उरलेले दोन पुन्हा कालवतात, पुन्हा चार भाग करतात. असे करत करत हाताने निवडता येईल इतका नमुना उरतो. मग तो निवडून वेगवेगळ्या बादल्यांत भरतात आणि प्रत्येक बादलीचे वजन करतात. थोडा नमुना भट्टीत वाळवून आधीचे व नंतरचे वजन घेतात, त्यावरून पाण्याचे प्रमाण कळते. ह्यात गूढ विज्ञान काही नाही. ताडपत्री, फावडे, बादल्या, वजनकाटा आणि निवडणारे हात एवढे पुरते. कोणताही शिक्षक हे आपल्या विद्यार्थ्यांना एका दिवसात शिकवू शकेल.

आता ह्या आकड्यांवरून काय ठरते ते पाहू. समजा, एखाद्या शहरात रोज शंभर टन कचरा निघतो आणि त्यात वीस टन सुका आहे. घंटागाडीत दोन घनमीटर जागा आहे. मिसळलेल्या कचऱ्याचे वजन घनमीटरला साडेचारशे किलो धरले तर एका खेपेत नऊशे किलो जातात. ह्या हिशेबाने वीस टनांना तेवीस खेपा पुरेशा वाटतात. पण सुका कचरा वेगळा घेतला की तो फुगलेला असतो. घनमीटरला शंभर किलो धरले तर खेपेला दोनशेच किलो जातात आणि त्याच वीस टनांना शंभर खेपा लागतात. ज्या अधिकाऱ्याने फक्त वजन पाहिले त्याची गाडी निम्म्या रस्त्यातच भरते आणि उरलेल्या गल्ल्यांचा कचरा तसाच राहतो. उरलेल्या गल्ल्या कोणत्या असतात हे मी तुम्हाला सांगावयास नको. फेरी जेथे संपते तेथे आपली वस्ती असते.

खताचेही असेच. ओला कचरा नीट कुजावयाचा तर त्यात साधारण पन्नास ते साठ टक्के ओल हवी आणि कर्ब व नत्र ह्यांचे प्रमाण तिसास एक ह्याच्या आसपास हवे. वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा ढीग वाळून जातो आणि पाणी मारावे लागते. आषाढ-श्रावणात तोच ढीग चिंब होऊन सडतो, तेव्हा छप्पर लागते. म्हणून खताच्या प्रकल्पाला पाणी किती, छप्पर किती, माणसे किती, हे घटकवारीवर ठरते. आणि काच निवडली गेली की नाही, हेही तिच्यावरूनच कळते. डेपोत न निवडलेला काचेचा तुकडा खताबरोबर वावरात जातो आणि निंदणाऱ्या बाईच्या अनवाणी पायात घुसतो. ती बाई बहुतेक वेळा भूमिहीन असते आणि कोणत्या जातीची असते हे वऱ्हाडात कोणालाही विचारावे. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. शहराच्या खताची तपासणी करून घेण्यास दूर जावयाचे कारण नाही.

आकडे न पाहता यंत्र आणले तर काय होते ह्याचे उदाहरण दिल्लीत आहे. १९८७ साली तिमारपूर येथे रोज तीनशे टन कचरा जाळून वीज करण्याचा कारखाना डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने उभारला गेला. जो उष्मांक गृहीत धरून भट्टी बांधली तेवढा उष्मांक प्रत्यक्ष कचऱ्यात नव्हता. थोड्याच दिवसांत भट्टी बंद पडली. आपल्या कचऱ्यात ओल आणि माती फार, हे एक कारण. दुसरे कारण असे की ज्याला आच लागते तो कागद आणि प्लास्टिक, भट्टीकडे जाण्याआधीच कचरावेचकांनी वेचून नेलेले असते. युरोपातल्या कचऱ्याच्या मापाने भट्टी आली, पण आपल्या रस्त्यावर पोते घेऊन फिरणारी माणसे त्या मापात नव्हती. २०१६ च्या नियमांनी किलोला पंधराशे उष्मांकांची मर्यादा सांगितली आणि तिच्यावरचा, पुन्हा वापरता न येणारा कचरा जमिनीत न गाडता ऊर्जेसाठी वापरावा असे म्हटले. आज कोणी जाळण्याचा प्रकल्प घेऊन आला तर पहिला प्रश्न हाच विचारावा: हा उष्मांक तुम्ही कोठल्या ढिगात मोजला?

कोठे मोजला, हाच ह्या विषयातला कळीचा प्रश्न आहे. घटकवारी दोन ठिकाणी काढता येते. एक, घराच्या दारात. दुसरे, शेवटच्या डेपोवर. अमरावतीत वर्षानुवर्षे सुकळीच्या कंपोस्ट डेपोवर कचरा जात आला, अकोल्यात नायगावला. दोन्ही ठिकाणचे आकडे सारखे येत नाहीत. पुन्हा आपल्या शंभर टनांच्या शहराचे उदाहरण घेऊ. समजा, दारात मोजले तर विकता येईल असा सुका माल अठरा टन निघतो आणि डेपोवर मोजले तर दहाच टन. मधले आठ टन गेले कोठे? ते वाऱ्याने उडाले नाहीत. पहाटे चार वाजता पोते घेऊन निघालेल्या बायांनी ते वेचले, निवडले, डोक्यावर वाहिले आणि भंगारवाल्याच्या काट्यावर घातले. वर्षाला दोन हजार नऊशे वीस टन होतात. तेवढ्या मालाचे डिझेल, गाडी, चालक, डेपोची जागा हे सारे नगरसंस्थेचे वाचले. ह्या कामाचा मोबदला नगरसंस्थेकडून त्या बायांना एक पैसाही मिळत नाही.

आता नियोजनाची गंमत पाहा. फक्त डेपोवर मोजले तर अहवालात दहा टन येतात आणि त्या बाया कधी अस्तित्वातच नव्हत्या असा अर्थ होतो. फक्त दारात मोजले तर अहवालात अठरा टन येतात, तेवढ्या मालाची निविदा निघते आणि अठराही टन कंत्राटदाराच्या नावे होतात. कालपर्यंत वेचणारी बाई आज त्याच मालाची चोर ठरते. एका मोजणीत ती दिसत नाही, दुसऱ्या मोजणीत तिची भाकरी जाते. म्हणून माझे म्हणणे असे की दोन्ही ठिकाणी मोजले पाहिजे, मधला फरक स्वतंत्र ओळीत लिहिला पाहिजे आणि त्या ओळीपुढे तो फरक कोणी उचलला हे नोंदले पाहिजे. ती एक ओळ आली की ओळखपत्र, विमा, निवडण्यासाठी शेड, पिण्याचे पाणी ह्या मागण्यांना दयेची भाषा वापरावी लागत नाही.

हे अशक्य नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिने कचरावेचकांच्या कामाचा हिशेब मांडला आणि त्यांच्या श्रमाने पालिकेचा खर्च किती वाचतो हे दाखवले. २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने कचरावेचकांचा वैद्यकीय विमा उतरवला. पुढे २००८ साली त्यांचीच सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली. २०१६ च्या नियमांत कचरावेचक हा शब्द व्याख्येसह आला आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी नगरसंस्थांवर आली. नियमात शब्द यावयास एवढी वर्षे लागली. आपल्या शहरांच्या तक्त्यांत तो यावयास आपण किती वर्षे देणार आहोत?

ज्ञानाचाही एक प्रश्न येथे आहे. माझी आई वऱ्हाडातल्या एका नगरपालिकेत झाडूवाली होती. ती शाळेत गेली नव्हती. पण ती म्हणत असे, "टोपलं उचललं का समजते, थे कोन्या गल्लीचं हाय." कोणत्या गल्लीत लग्न होऊन गेले, कोणत्या घरी बाळंतीण आहे, कोणत्या दुकानाने ओला माल सुक्याखाली दडवला, हे तिला वजनावरून आणि वासावरून कळे. तिचे हे ज्ञान कोणत्याही वहीत उतरले नाही. बाहेरगावची सल्लागार मंडळी येऊन आठ दिवसांत तक्ता करतात तेव्हा त्यास शास्त्र म्हणतात. तिने तीस वर्षे जे ओळखले त्यास सवय म्हणतात. जातीव्यवस्थेने हातांना काम दिले आणि त्या हातांच्या जाणतेपणाला नाव देण्याचे मात्र नाकारले. घटकवारी करताना कचरावेचक बायांना आणि सफाई कामगारांना रीतसर मोबदला देऊन निवडणीस बसवले पाहिजे, असे मी म्हणतो ते ह्यासाठी. आकडाही त्याने अधिक खरा येईल.

दुसरा प्रश्न: नमुना कोणत्या वस्तीचा? २००४-०५ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी नागपूरच्या नीरी संस्थेने ५९ शहरांच्या कचऱ्याची पाहणी केली. ३५ महानगरे आणि २४ राजधान्या घेतल्या होत्या. त्यात नागपुरात कुजणारा कचरा ४७.४१ टक्के आणि पुन्हा वापरात येण्यासारखा १५.५३ टक्के आढळला, म्हणजे उरलेला सुमारे सदतीस टक्के माती, राख, दगड आणि इतर. पुण्यात कुजणारा ६२.४४ टक्के होता. एकाच राज्यातल्या दोन शहरांत एवढे अंतर. अमरावती आणि अकोला ह्या यादीत नव्हती. तेव्हा पुण्याच्या आकड्यावर अमरावतीचा प्रकल्प बेतणे किती चुकीचे, हे वेगळे सांगावयास नको. पण जी गोष्ट दोन शहरांची तीच एका शहरातल्या दोन वस्त्यांची. जेथे चूल पेटते तेथे राख निघते, जेथे अंगण मातीचे तेथे झाडून माती निघते. उरलेसुरले अन्न शेळी-कोंबडीच्या पुढे जाते, पुठ्ठ्याचे खोके चुलीत जाते. अशा वस्तीचा कचरा कमी पण जड असतो, आणि बोळ इतका अरुंद की गाडी आत जात नाही, तेथे हातगाडीच लागते. बंगल्यांच्या वस्तीचा कचरा फुगीर असतो. दोन्ही मिळून सरासरी काढली तर ती कोणत्याच वस्तीची नसते. अकोल्याची हद्द २०१६ साली वाढली आणि भोवतालची गावे शहरात आली. त्या गावांत गोठे आहेत, शेण आहे, पऱ्हाटी आहे. हद्दवाढीपूर्वीच्या नमुन्यात हे येणारच नाही. ज्या वस्तीत घंटागाडी जात नाही तेथील कचरा घंटागाडीतून काढलेल्या नमुन्यात येत नाही, आणि नमुन्यात नाही म्हणून पुढच्या आराखड्यातही तेथे गाडी जात नाही. हे चक्र कोणीतरी बाहेरून तोडावे लागते.

तिसरा प्रश्न: केव्हा मोजले? मे महिन्यात आंब्याच्या कोयी आणि टरबुजाची साले असतात, गणपती-नवरात्रात निर्माल्य, दिवाळीत घराची झाडलोट आणि खोकी, संत्र्याच्या हंगामात साली आणि सडकी फळे, लग्नसराईत पत्रावळी. एका आठवड्याच्या मोजणीने वर्ष कळत नाही. निदान उन्हाळा, पावसाळा, हिवाळा आणि सणासुदीचा एक काळ, अशा चार मोजण्या हव्यात. ह्यात पैशाचाही मुद्दा आहे. कंत्राटदाराला टनावर पैसे देण्याची पद्धत असेल तर पावसाचे पाणी आणि बांधकामाची माती ह्यांनाही कचऱ्याचाच भाव मिळतो. ओल आणि माती वेगळी नोंदली तरच जनतेचा पैसा कशावर गेला हे कळेल. एकीकडे पाण्याचे वजन भरून देयक निघते आणि दुसरीकडे हातमोज्यांना पैसे नाहीत असे कामगाराला ऐकावे लागते, हे चालू देता कामा नये.

हातमोज्यांवरून चौथी गोष्ट आली. टक्केवारी वजनाची असते, धोक्याची नसते. समजा, तक्त्यात घातक कचरा अर्धा टक्का दाखवला. वाचणाऱ्यास तो नगण्य वाटतो. शंभर टनांच्या शहरात अर्धा टक्का म्हणजे रोज पाचशे किलो: सुया, फुटक्या नळ्या, पात्या, रक्ताळलेले कापड, लहान मुलांच्या फेकलेल्या लंगोट्या. हे पाचशे किलो यंत्राच्या नव्हे, माणसाच्या बोटांतून जातात. २०१६ च्या नियमांनी गणवेश, हातमोजे, पावसाळी कोट, योग्य पादत्राणे आणि मुखपट्टी देणे नगरसंस्थांवर बंधनकारक केले. किती जोड हातमोजे लागतील, किती दिवसांनी बदलावे लागतील, धनुर्वाताची लस कोणाला द्यावयाची, हे ह्या अर्ध्या टक्क्यावरून काढले पाहिजे. आकडा लहान आहे म्हणून तरतूद लहान, हा न्याय येथे लागू होत नाही.

मुळात ओला आणि सुका वेगळा करणे, हे ज्याने कचरा केला त्याचे काम. आपल्या समाजात मात्र घाण करणारा वेगळा आणि घाण निवडणारा वेगळा, अशी वाटणी शतकानुशतके जन्मावरून झाली. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावात शिरताच आधी स्वतः झाडू हातात घेतला, तो ही वाटणी मोडण्यासाठी. आज त्यांच्या नावाने अभियाने होतात, विद्यापीठही आहे. अभियानाच्या दिवशी झाडू सगळ्यांच्या हातात येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा त्याच हातांत असतो. डोक्यावरून मैला वाहून नेण्याविरुद्ध १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला. पण मिसळलेला कचरा उघड्या हाताने निवडणे हे त्याच कामाचे भावंड आहे, हे आपण ओळखले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिले, माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा वापरून आपल्या महापालिकेकडे घटकवारीचा अहवाल मागावा. टक्केवारी मागून थांबू नये. नमुने कोणत्या तारखांना, कोणत्या प्रभागांतून, किती वजनाचे, दारात की डेपोवर घेतले आणि निवडले कोणी, हे विचारावे. महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढतात, त्यातले कचऱ्याचे प्रकरण ह्या उत्तरांशी ताडून पाहावे. दुसरे, आपल्या वस्तीची मोजणी आपण करावी. महाविद्यालयांतले शिक्षक आणि विद्यार्थी हे करू शकतात. मात्र जाड हातमोजे आणि बूट असल्याशिवाय करू नये, आणि सोबतीला बसणाऱ्या कचरावेचक बाईला दिवसाची मजुरी द्यावी. तिच्याकडून श्रमदान मागू नये, तिने आजवर पुरेसे श्रमदान केले आहे. तिसरे, तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या घटनेनेच सांगितल्या आहेत. अमरावती आणि अकोला दोन्ही त्यात येतात. आपला तक्ता घेऊन तेथे जावे. आमच्या वस्तीत राख-माती एवढी, बोळाची रुंदी एवढी, म्हणून हातगाड्या एवढ्या आणि माणसे एवढी, अशी मागणी आकड्यांत मांडली की तिला टाळणे अवघड जाते.

बाबासाहेबांनी आपल्याला अर्थशास्त्राची पुस्तके लिहून दाखवली, आयोगांपुढे आकड्यांनिशी साक्षी दिल्या. निवेदनात संताप असावा, पण त्याच्या शेजारी हिशेबही असावा, ही त्यांच्याकडून घेण्यासारखी रीत आहे. कचऱ्याचा हिशेब हा क्षुद्र विषय वाटतो, कारण ज्यांच्यावर तो लादला त्यांनाच क्षुद्र मानले गेले. पुढच्या वेळी तुमच्या शहराचा घनकचरा आराखडा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा त्यात तो मधला फरक शोधा. ती ओळ नसेल, तर ती घालून घेण्याची हरकत लेखी नोंदवा आणि पोच घ्या.